खडकीची हॉकी: मैदान राखणाऱ्यांच्या इतिहासाची प्रस्तावना

ध्यानचंद यांना त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता असं कुणी विचारलं, तर उत्तरात ॲमस्टरडॅम नसे, लॉस एंजलिस नसे, बर्लिनही नसे. १९३३ साली कलकत्त्यात झालेला बेटन कपचा अंतिम सामना, कलकत्ता कस्टम्सविरुद्ध झाशी हीरोज, हे त्यांचं उत्तर असे. झाशी हीरोज म्हणजे त्यांच्या गावचा क्लब. कस्टम्सचे खेळाडू एकसारखे चाल करून येत होते, झाशीचा गोल धोक्यात होता. तेवढ्यात ध्यानचंदनी मैदानाच्या मध्यातून एक लांब पास सोडला, संघातला इस्माईल तो घेऊन अर्धं मैदान पळत गेला आणि त्याने सामन्यातला एकुलता एक गोल केला. तोपर्यंत ध्यानचंद दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून आले होते आणि तिसरं पुढे यायचं होतं. तरी पहिला मान त्यांनी दिला तो गावच्या क्लबासाठी खेळलेल्या सामन्याला.

खडकीच्या हॉकीवरची ही पानं हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ते उत्तर सोबत ठेवावं असं मला वाटतं. आपल्याकडे हॉकीचा इतिहास सांगायचा म्हणजे पदकांची यादी म्हणायची अशी रीत पडून गेली आहे. आठ सुवर्णपदकं, ध्यानचंद, बलबीर सिंग, मग उतरती कळा. या यादीत काही खोटं नाही. पण पदक जिंकणारा माणूस वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी कुठल्या मैदानावर उभा होता, त्याच्या हातात स्टिक कुणी दिली, ते मैदान सकाळी कुणी झाडलं, याचा त्या यादीत मागमूस नसतो. खेळाडू मोठा झाला की त्याच्या नावापुढे रेल्वे लागते, विमान कंपनी लागते, कारखान्याचं नाव लागतं. ज्या गल्लीतल्या क्लबाने त्याला घडवलं, त्याचं नाव तिथवर पोचत नाही. खडकीचा हा इतिहास म्हणजे ते गळालेलं नाव परत जागेवर बसवण्याचा प्रयत्न आहे, आणि म्हणूनच मला तो इतका महत्त्वाचा वाटतो.

खरं तर हॉकी हा खेळच मुळात गावोगावच्या क्लबांनी घडवला. लंडनच्या आग्नेयेला ब्लॅकहीथ नावाचं माळरान आहे. तिथल्या क्लबाची मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रबराच्या चौकोनी ठोकळ्याने खेळत आणि सामना म्हणजे जवळजवळ झोंबाझोंबीच असे. पश्चिमेला टेडिंग्टनमध्ये १८७१ च्या सुमारास काही क्रिकेटपटूंना हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवं होतं. त्यांनी बुशी पार्कच्या सपाट जमिनीवर रबराच्या ठोकळ्याऐवजी क्रिकेटचा चेंडू घेतला, स्टिक खांद्याच्या वर उचलायला मनाई केली आणि गोल मारायचा तर ठरावीक वर्तुळाच्या आतूनच, असा नियम लावला. आपण ज्याला आज 'डी' म्हणतो ती रेषा अशी एका गावच्या क्लबातल्या हौशी पोरांनी आखली. पुढे संघटना झाल्या, आंतरराष्ट्रीय मंडळं झाली, त्यांनी त्याच रेषेवर शिक्का मारला.

हिंदुस्थानात हॉकी आली ती पलटणींबरोबर. कलकत्त्यात १८८५-८६ च्या सुमारास पहिले क्लब निघाले, १८९५ मध्ये बेटन कप सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत आगाखान स्पर्धा. भारतीय हॉकी महासंघ निघाला तो १९२५ साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं हा खेळ या देशात क्लबांनी आणि पलटणींनीच पोसला. महासंघाने १९२८ मध्ये ऑलिंपिकला पहिला संघ पाठवला. तो संघ मुंबईहून बोटीने निघाला आणि निघण्याआधी मुंबईच्या स्थानिक संघाशी एक सामना खेळला. मुंबईने तो ३-२ असा जिंकला. बंदरावर निरोप द्यायला जेमतेम तीन माणसं आली होती. त्याच संघाने ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. एकट्या ध्यानचंदचे त्यात १४. युरोपातल्या कुणाला जे जमलं नाही ते मुंबईच्या मैदानावर खेळणाऱ्या स्थानिक खेळाडूंनी करून दाखवलं होतं, ही गोष्ट मी भेटेल त्या हॉकीवेड्याला सांगतो.

आता खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई शाळेच्या पुस्तकात आहे. त्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी बसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचं ठाणं आलं, पुढे १९४० मध्ये स्फोटकांचा कारखाना आला. छावणी आणि कारखाना या दोन गोष्टींनी खडकीचं नशीब लिहिलं आणि तिची हॉकीही. छावणीमुळे मैदानं आली, कारखान्यामुळे माणसं आली. तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं दक्षिणेकडून आली, घाटावरची मराठी कुटुंबं आली, ख्रिस्ती कुटुंबं आली, उत्तरेकडची आली. वसाहतीच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून ती राहिली. घरात ज्याची त्याची भाषा, मैदानावर सगळ्यांची मिळून एक खिचडी. पुणे शहरात पेठांची माणसं मल्लखांब, कुस्ती, खो-खो आणि क्रिकेट घेऊन बसली असताना नदीपलीकडच्या या वस्तीने हॉकी आपली मानली, याचं कारण या वस्तीतच आहे.

क्रिकेटला खेळपट्टी लागते, दोन बॅटी लागतात, पॅड लागतात आणि दिवस लागतो. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाजवळ दिवस नसतो. भोंगा झाल्यावर आणि अंधार पडण्याआधी जेवढा वेळ उरे तेवढ्यात हॉकीचा पूर्ण सामना बसे. तेव्हा पस्तीस मिनिटांचे दोन डाव असत, मध्ये लिंबू. स्टिक मिळायची ती बहुधा पलटणीच्या किंवा कारखान्याच्या संघाने टाकून दिलेली. ती तुतीच्या लाकडाची असे; फाळणीआधी सियालकोटची, नंतर जालंधर आणि मेरठची. मोठ्या माणसाची स्टिक लहान मुलाला द्यायची तर वरून मूठ कापून आखूड करायची. मानेपाशी चीर गेली तर चिरेत सरस भरायचा, वरून दोरा आवळून गुंडाळायचा, दोन दिवस उन्हात ठेवायची आणि मग चिकटपट्टी लावायची. अशी स्टिक पुन्हा तुटेपर्यंत चाले आणि पुन्हा तुटली की पुन्हा बांधली जाई. एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: हॉकीत डावखुऱ्याची वेगळी स्टिक नसते. चेंडू फक्त सपाट बाजूनेच मारता येतो आणि ती बाजू सगळ्यांची एकच. त्यामुळे डावखुरा पोरगाही मैदानावर उजव्या हाताचाच होऊन खेळतो, आणि उलट्या स्टिकने चेंडू ओढायला तो बाकीच्यांच्या आधी शिकतो असा माझा अनुभव आहे.

मैदान म्हणजे मुरूम आणि माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि दोन्हींच्या मधे चार-पाच महिने खेळण्याजोगी जमीन. पाऊस सरला की आधी गवत काढायचं, वर आलेले खडे वेचायचे, खळगे बुजवायचे, पाणी मारायचं आणि ओल असतानाच रोलर फिरवायचा. मग आखणी. शंभर यार्ड लांब, साठ रुंद. गोलच्या रुंदीला चार यार्ड. 'डी' आखायला सोळा यार्डांची दोरी लागते. तिचं एक टोक गोलच्या एका खांबाशी धरून ठेवायचं, दुसरं ताणून चतकोर वर्तुळ फिरवायचं आणि त्यावर फक्की सोडत जायचं. मग दुसऱ्या खांबाशी तेच. दोन्ही चतकोर झाले की मध्ये चार यार्डांची सरळ रेषा राहते, ती जोडली की 'डी' पुरा होतो. दोरी सैल पडली तर एक बाजू फुगते आणि त्या बाजूने येणाऱ्या फॉरवर्डला फुकटचा एखादा फूट मिळतो. जुने खेळाडू मैदानावर आल्या आल्या 'डी'कडे नजर टाकतात, ती याचसाठी. ही कामं करणाऱ्याचं नाव कुठल्याही कपवर कोरलेलं नसतं.

खडकीत मात्र अशाच एका माणसाच्या घरात भारताचा एक थोर फॉरवर्ड जन्माला आला. धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ चा, खडकीचा. वडील नागलिंगम कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करत. आई अंडालम्मा. घरात गरिबी, मुलगे पाच, आणि त्या माउलीने पाचही मुलांना खेळू दिलं. वसाहतीच्या मऊ, चिखलट जमिनीवर तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही मुलं खेळली. धनराजच्या डोळ्यांपुढे भारताचे फॉरवर्ड मोहम्मद शाहिद होते. त्यांच्यासारखं ड्रिबल करायचं ही त्याची हौस. जो माणूस मैदान राखतो त्याच्या मुलाला मैदानाचा प्रत्येक उंचवटा पाठ असतो, चेंडू कुठे उडणार आणि कुठे बसणार हे त्याच्या पायांना आधी कळतं. पुढे जगाने धनराजचा जो वेग पाहिला, त्याच्या मुळाशी हे आहे असं मी मानतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला धनराज मुंबईला गेले. थोरला भाऊ रमेश तिथे आधीच राष्ट्रीय केमिकल्सच्या संघातून मुंबई लीगमध्ये खेळत होता. भावाच्या नजरेखाली खेळ सुधारला, मग महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जागा मिळाली, तिथे जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं. १९८९ मध्ये देशाकडून पहिला सामना. त्यानंतर चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. त्याआधीचं १९६६ चं होतं. लंडनचं इंडियन जिमखाना, जर्मनीचा स्टुटगार्टचा संघ, फ्रान्समधलं लिऑन, ढाक्याचा अबाहनी, मलेशिया, हाँगकाँग, जिथे जिथे क्लब हॉकी आहे तिथे ते खेळून आले. युरोपात ते ज्या क्लबांत खेळले ते बहुतेक गावचे क्लब. आपली लहान मुलं, आपले म्हातारे सभासद, आपलं मैदान आणि आपलं क्लबघर असलेले. खडकीच्या क्लबांकडे यांतली मुलं होती, म्हातारे सभासद होते. मैदान आणि घर या दोन गोष्टी त्यांच्या नव्हत्या.

इथेच या इतिहासाचं मर्म आहे. खडकीतला हॉकी क्लब म्हणजे काय, हे सांगताना बाहेरच्याला आधी समजावून द्यावं लागतं की तिथे इमारत शोधू नका. एक पत्र्याची पेटी, तिच्यात शर्टांचा जोड, गोलकीचे पॅड, एक शिट्टी, वर्गणीची वही. पेटी कुणाच्या तरी क्वार्टरच्या व्हरांड्यात. क्लबाचा सेक्रेटरी म्हणजे कारखान्यात पाळी करून आलेला कुणीतरी अण्णा किंवा दादा. जमीन लष्कराची, कारखान्याची किंवा छावणी मंडळाची. खेळायला मिळे ते परवानगीने, आणि परवानगी देणारा साहेब बदलला की अर्ज पुन्हा पहिल्यापासून. अशा पायावर पिढ्यान्‌पिढ्या क्लब चालले याचं मला आश्चर्य वाटतं, आणि ते चालवणाऱ्यांविषयी अपार आदरही.

मग या क्लबांचं झालं काय? साधारण उत्तर ठरलेलं आहे: ॲस्ट्रोटर्फ आलं आणि हॉकी मेली. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ च्या जुलैमध्ये माँट्रियलला कृत्रिम मैदानावर सातवा आला, हा या उत्तराचा मोठा आधार. आधार खराच आहे. ओल्या टर्फवर चेंडू सरळ आणि जोरात जातो, उडत नाही. मुरमावर वर्षानुवर्षं कमावलेलं हातांचं आणि मनगटाचं कसब तिथे अर्धं निरुपयोगी ठरतं. पण क्लबांच्या दृष्टीने बघितलं तर टर्फने केलेलं नुकसान वेगळं आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, पिंपरीत नेहरूनगरला टर्फ झालं. चांगली मैदानं आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र तिथे वेळ घ्यावी लागते, तिथवर जावं लागतं. वसाहतीतला नऊ वर्षांचा मुलगा भोंगा झाल्यावर घरून चालत, एकटा, हातात बांधलेली स्टिक घेऊन तिथे पोचत नाही. मैदान घराजवळ असणं हाच ज्या खेळाचा जीव होता, त्या खेळाचं मैदान बसने गाठायचं झालं.

आणि टर्फच्याही आधीपासून दुसरी एक गोष्ट चालू होती, जिच्याविषयी फार थोडे बोलतात. ती म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थांचे संघ. रेल्वे, कस्टम्स, पोलीस, बँका, विमान कंपन्या, तेल कंपन्या, मोठे कारखाने. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, सरावाला सुट्टी मिळे. गरीब घरच्या मुलासाठी याहून मोठं वरदान नव्हतं आणि मी त्याला कधी वाईट म्हणणार नाही. धनराजच नव्हे, कितीतरी घरांच्या चुली या नोकऱ्यांवर पेटल्या. पण या देवघेवीत क्लबाच्या पदरात काय पडलं? दहा वर्षं ज्याला घडवला तो एकोणिसाव्या वर्षी उचलून नेला, आणि बदल्यात क्लबाला एक चेंडूही मिळाला नाही. युरोपात खेळाडू नोकरी कुठेही करो, खेळतो आपल्या क्लबाकडून. आपल्याकडे तो जिथे हजेरी लावतो त्यांच्याकडून खेळतो. त्यामुळे वरच्या फळीच्या लीगमधून गावचे आणि गल्लीतले क्लब हळूहळू खाली सरकत गेले. प्रेक्षकांचंही तेच झालं. शेजारच्या घरातला मुलगा खेळत असेल तर माणूस मैदानाच्या कडेला उभा राहतो. दोन सरकारी खाती खेळत असतील तर कोण कुणाची बाजू घेणार? माझ्या मते भारतीय हॉकीच्या घसरणीचं हे कारण टर्फइतकंच मोठं आहे, कदाचित मोठंच. वाचकांनी हे मत पुढच्या पानांतल्या हकिकतींवर घासून पाहावं.

मुंबईची गोष्ट खडकीच्याही आधीची. धोबी तलाव, गिरगाव, वांद्रे या भागांतल्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीने हॉकी अशीच आपली मानली होती. लुसिटानियन्स हा त्यांचा नामांकित क्लब. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला स्वतंत्र भारताचा पहिला संघ गेला, किशनलाल यांच्या नेतृत्वाखाली, आणि त्याने अंतिम सामन्यात इंग्लंडच्या भूमीवर ब्रिटनला ४-० असं हरवलं. त्या संघात मुंबईचे लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ असे बरेच खेळाडू होते. त्याआधी १९३६ च्या बर्लिनच्या संघात मुंबईकडून निवडले गेलेले बाबू निमल होते. या नावांना मराठी वाचकांनी कधी आपलं म्हटलं नाही, याची मला खंत वाटते. महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात ऑलिंपिक पदक जिंकणारे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांना मानाचं पान मिळालं, आणि ते उशिरा का होईना मिळालं हे योग्यच झालं. पण त्यांच्या चार वर्षं आधी सोनं घेऊन आलेले हे मुंबईकर त्या पुस्तकांत तळटीपेतही सापडत नाहीत. आडनावं पिंटो आणि वाझ असली म्हणून, की भाषा घरात कोकणी आणि इंग्रजी होती म्हणून? खडकीच्या तमिळ मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न आहे. ज्या मातीत ते पडले, उठले आणि शिकले ती माती महाराष्ट्राची आहे. यापेक्षा अधिक आपलेपणा कशाने सिद्ध होतो?

मुलींचा भाग या इतिहासात फार थोडा येतो, कारण नोंदी थोड्या आहेत. पण हॉकीतलं पुण्याचं सर्वांत मोठं यश मुलींकडे आहे हे विसरू नये. १९८० मध्ये मॉस्कोला महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली, तेव्हाच्या भारतीय संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या, रेखा मुंडफण होत्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं ते एलिझा नेल्सन यांच्याच नेतृत्वाखाली. त्याच दिल्लीत पुरुषांचा संघ अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ असा हरला. देशाने तो पराभव चाळीस वर्षं उगाळला, सुवर्ण मात्र कुणाच्या लक्षात नाही. मुलींच्या हॉकीसाठी वेगळा ग्रंथ व्हायला हवा आणि त्यासाठी त्या पिढीतल्या खेळाडूंना आताच बोलतं करायला हवं.

आता अशा इतिहासाची साधनं. हौशी क्लबाचं दप्तर नसतं. वर्गणीच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, कपवरची अक्षरं पॉलिश करून करून पुसलेली, वर्तमानपत्रांत निकाल आला तर दोन ओळींत. उरतात ती छायाचित्रं. ती बहुतेक घरांत आहेत, आणि त्यांच्या मागे क्वचितच काही लिहिलेलं असतं. पण हॉकीचं छायाचित्र नीट पाहिलं तर स्वतःचा काळ सांगतं. मध्यरेषेवर दोन खेळाडू समोरासमोर वाकून स्टिकला स्टिक लावत असतील तर ती बुली. जमिनीवर एक टिचकी, एकमेकांच्या स्टिकवर एक, असं तीनदा करून सामना सुरू होई. १९८१ पासून ती पद्धत गेली आणि पासने सुरुवात होऊ लागली. म्हणजे ते छायाचित्र बहुधा त्याच्या आधीचं. स्टिकचं नाक लांब, वळण सैल असेल तर ती जुन्या इंग्रजी घडणीची. ते नाक आखूड आपल्याकडच्या कारागिरांनी केलं, त्यामुळे चेंडूभोवती स्टिक चटकन फिरवता येऊ लागली आणि आपला ड्रिबल जगाने पाहिला. गोलकीच्या पायांना क्रिकेटसारखे पॅड असतील तर काळ जुना, जाड फोमचे असतील तर अलीकडचा. रांगेत खेळाडू अकराच आहेत की सोळा? खेळता खेळता कितीही वेळा बदली करायची मुभा १९९२ पासून आली, तेव्हापासून राखीव खेळाडूंना खरी किंमत आली आणि छायाचित्रातली मागची रांग भरली. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक अशी जुनी मांडणी पाठ असलेला एखादा आजोबा तर नुसतं कोण कुठे उभा आहे यावरून राइट आउट कोण आणि लेफ्ट इन कोण ते सांगून टाकतो. मला या कामातला सर्वांत मोठा आनंद अशा माणसांशेजारी बसून मिळाला.

आठवणींवर किती विसंबायचं, हा प्रश्न कुणीही रास्तपणे विचारेल. खेळाडूंच्या आठवणीत प्रत्येक गोल मध्यरेषेवरून निघतो आणि प्रत्येक पराभव अंपायरमुळे होतो. तरीही स्थानिक इतिहासात आठवणीला पर्याय नाही, कारण आठवणीत जे बारकावे असतात ते कागदावर कधीच उतरलेले नसतात. तारीख आणि निकाल कागदाशी ताडून घ्यावेत. पण सामना संपल्यावर गोलकीचे पॅड कुणाच्या सायकलवर जात, अंतिम सामन्याच्या दिवशी पाळी कुणी बदलून दिली, हरल्यावर कोण रडला, हे आठवणीकडूनच घ्यावं आणि जसं सांगितलं तसं ठेवावं.

आजही खडकीत हॉकी आहे. पुण्याचेच विक्रम पिल्ले २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला धनराजबरोबर एकाच संघात होते. त्यांच्यानंतरही मुलं येत आहेत, लीगच्या सामन्यांत जुन्या क्लबांची नावं दिसतात. टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांनी पालकांच्या मनात हॉकीला पुन्हा थोडी जागा झाली आहे. क्लब चालवणाऱ्यांची पुढची पिढी मिळते का, हा खरा पेच आहे, कारण कारखान्याच्या वसाहती आता पूर्वीसारख्या भरलेल्या नाहीत आणि पाळीवरून घरी येऊन थेट मैदानावर जाणारा अण्णा दुर्मीळ झाला आहे. शिकवणारे भेटतात. रोज येऊन मैदान उघडणारा, पोरांच्या हजेरीची काळजी करणारा, एखादा आला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा माणूस पगार देऊन मिळत नाही.

या पानांत खेळाडूंच्या नावांइतकीच अशा माणसांची नावं यावीत, हा आग्रह मी शेवटपर्यंत सोडणार नाही. वाचकांना माझी एकच विनंती आहे. खडकी, दापोडी, बोपोडी, पुणे लष्कर किंवा मुंबईत धोबी तलाव, वांद्रे इथे ज्यांच्या घरी हॉकीच्या संघाचं जुनं छायाचित्र असेल त्यांनी ते भिंतीवरून उतरवावं, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसासमोर ठेवावं आणि डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा ओळखत मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव लिहावं. शाईने नको, शाई कागदातून पुढे उतरते. खेळाडूंच्या कडेला धोतर, पायजमा किंवा खाकी अर्ध्या चड्डीत उभा असलेला, हातात शिट्टी किंवा पाण्याची बादली घेतलेला कुणी असेल, तर त्याचं नाव आधी लिहावं.